फडताळात मावणारा रंधा

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७२

लेकीच्या टेबलासाठी दोन फळ्या जोडायला बसलो, तर मधल्या फटीतून उजेड दिसतो. पुन्हा रंधा मारला, पुन्हा उजेड. शेवटी सोपान सुताराला बोलावलं. त्याने माझा वीतभर रंधा हातात फिरवला.

"मास्तर, ह्यो फळीच्या खड्ड्यात उतरतो अन् खड्ड्यासंगट वर येतो. सांध्याला लांब रंधा लागतो. ह्यो कुनी घ्याया सांगितला?"

कुणी म्हणजे, मेहुण्याने! "दाजी, घरच्या कामाला हातभर रंधा कशाला? हा फडताळात मावतो." आणि जगाची अक्कल काढणारा मी, फडताळाच्या मापाने हत्यार घेऊन आलो. फळ्या दोन-दोन बोटं झिजल्या. संध्याकाळी मेहुणा फट बघून म्हणतो, "वारा खेळेल, दाजी."

लेक दप्तर घेऊन पुन्हा जमिनीवर बसली. मेहुण्याला द्यायच्या शिव्या तिथेच अडल्या.