टाच हवी, पाणी नको

६ सप्टेंबर, शनिवार. रात्री

आयुष्याला दिशा मिळाली. हेसरघट्ट्याची.

तिथे माळावर अहल्यामॅडमचा घोड्यांचा तबेला आहे. शनिवार-रविवारी कोरमंगलाची आयटीवाली मंडळी येतात, त्यांना घोड्यावर बसवून माळावर फिरवून आणायला माणूस हवाय. वर राहायला खोली. मॅडम मराठीच, पण घराणं इथलंच, कानडी मुलखातलं, जुनं. म्हणाल्या, घोड्याचं स्वल्प तरी येतं का रे? मी म्हणालो, बेसिक येतं. (निपाणीत संजूच्या वरातीत लगाम मीच धरला होता. शिवाय नावच संताजी. ते रक्तात असतं.) म्हणाल्या, सरी, अठ्ठावीसला ट्रायलला ये. बूट तुझे तू आण. घोट्याच्या वर यायला हवेत, टाच हवी, पाणी शिरायला नको. फार महागाचे घेऊ नकोस, शेणातच जाणार आहेत. आणि तोवर सकाळी येत जा, घोड्यांना तुझी सवय होऊ दे.

म्हणालो, बूट झाले की येतोच.

७ सप्टेंबर, रविवार

बसवंतदादाला सांगितलं. दादा माझा चुलतभाऊ, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आहे. त्याच्या पुढच्या खोलीत मी तात्पुरता राहतोय, गेल्या दिवाळीपासून. दादा म्हणाला, ड्रोनचं काय झालं रं? आणि ते कॉफीच्या मळ्याचं? मी म्हणालो, ते अनुभव होते. हे करिअर आहे.

कावेरीवहिनीने शेगडीवरून नजर न काढता विचारलं, खोली देणार म्हणतायत? नक्की? तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे करायचंय. ती खंडेनवमीला येणार, आणि तिला पुढची खोली लागणार. मी शब्द दिला: खंडेनवमीला मी माझ्या स्वतःच्या खोलीत असेन. नाहीतर निपाणीला जाऊन बाबांच्या पिठाच्या गिरणीत बसेन.

दुसरं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण शब्दाला वजन येतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

बजेट ठरलं. हिमालयासाठी घेतलेला तंबू विकला. (गच्चीवर एकदा लावला होता. गरम होतं.) तंबूत बूट बसायला हवेत. म्हणजे तंबूच्या पैशात.

बूट-संशोधन सुरू. इंग्लंडमध्ये याला कंट्री बूट म्हणतात. खाली रबर, वर चामडं, गुडघ्यापर्यंत. व्हिडिओत एक बाई ते घालून ओढ्यात उभी राहून बोलत होती. फार शांत बाई. तिचे बाकीचे व्हिडिओही पाहिले. तिने कोंबड्या पाळल्यात. देशी कोंबडीपालनात चांगला स्कोप दिसतो.

उद्या पहाटे तबेल्यावर जायचंच.

१० सप्टेंबर, बुधवार

गेलो नाही. स्पोर्ट्स शूज घालून गेलो असतो तर पहिलं इम्प्रेशन गेलं असतं. घोडा विसरत नाही म्हणतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

इथलं शिवाजीनगर. सकाळी गेलो. मार्केटमध्ये पाखरं बघत तास गेला, मग बिर्याणी, मग एकाकडे जुनी दुर्बीण मिळाली, ती घेतली. माळावर लागेलच. बजेट स्थिर आहे, फक्त कडेने थोडं कुरतडलं गेलंय.

शेवटी एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी थेट काळे गमबूट काढून दिले. टाच होती. पाणी शिरायचा प्रश्न नव्हता. तंबूच्या पैशात तीन जोड आले असते. पण ते घालून आरशात पाहिलं तर मी महापालिकेचा वाटलो. चाचांना म्हणालो, जरा घोड्यावर शोभतील असे दाखवा. चाचा म्हणाले, घोडे पे बैठना है, या घोडे को दिखाना है?

माणसाला दर्जा कळत नसला की तो टोमणे मारतो. निघालो.

१४ सप्टेंबर, रविवार

महत्त्वाचं ज्ञान (बाईच्या व्हिडिओतून): टाच असते ती पाय रिकिबीतून पुढे निसटू नये म्हणून. तळवा फार खडबडीत नको, नाहीतर पडताना पाय रिकिबीत अडकतो आणि घोडा माणसाला फरफटत नेतो. चेन असेल तर तिथून पाणी शिरतं. पोटरीचं माप बघून घ्यायचं.

दादाला जेवताना हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, एवढं कळतंय तर घोड्यावर बसून बघितलंस का कधी? मी म्हणालो, थिअरी आधी. तो म्हणाला, हां. भात वाढ.

१५ सप्टेंबर, सोमवार

वहिनीच्या शिलाईच्या टेपने पोटरी मोजली. बूट माझ्या पोटरीपेक्षा सगळे रुंद. वहिनी म्हणाली, भाऊजी, पोटरी आहे कुठं? दांडी आहे ती.

पोटरी वाढवायची. रोज सकाळी पाच मजले, चढउतार, न चुकता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पोटरी दुखते. दुखतेय म्हणजे वाढतेय. आज विश्रांती. स्नायू विश्रांतीतच वाढतात.

मॅडमचा मेसेज: येतोस का नाही रे? मिरची नावाची घोडी तुला दिलीय, तिच्याशी ओळख कर. मी घोड्याचा स्टिकर पाठवला.

२० सप्टेंबर, शनिवार

मिळाले!!

कोरमंगलात एका पीजीतला पोरगा गाव सोडून चाललाय. त्याने परदेशातून आणलेले कंट्री बूट, एकदाही न घातलेले. तपकिरी चामडं, खाली रबर, टाच अशी की बघत राहावं. एक नंबर मोठे आहेत, पण दोन मोजे घातले की बसतात. तीन घातले की नीट बसतात. तंबूत बसले नाहीत, म्हणून गिटारही दिली. तशीही तिला दोनच तारा होत्या. दुर्बिणीला त्याने हात लावला नाही.

ऑटोत बूट मांडीवर घेऊन बसलो. ऑटोवाल्याने विचारलं, मदुवे का? लग्न नाही, करिअर, म्हणालो. तो सरी म्हणाला.

२१ सप्टेंबर, रविवार

वॉटरप्रूफ टेस्ट. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळे बादलीत बुडवून पाणी वाया घालवणं बरोबर नव्हतं. उलटं केलं. बुटातच तांब्याने पाणी भरलं, काठोकाठ, आणि बाहेर गळतं का बघत बसलो. अर्धा तास. दादाची अंघोळ खोळंबली, तो दारावर धपाधप मारत होता.

एक थेंब बाहेर आला नाही. अप्रतिम माल.

२२ सप्टेंबर, सोमवार

आत गेलेलं पाणीही बाहेर येत नाही. म्हणजे ओतलं, पण ओल राहिली. पेपर कोंबले. या अवस्थेत तबेल्यावर जाणं शक्य नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

अजून ओले. वास येतोय. वहिनीचा हेअर ड्रायर आत घातला, फ्यूज उडाला, खालच्या मजल्यावरचाही. वहिनी म्हणाली, भाऊजी, त्या बुटांनाच नोकरी मिळू दे, तुम्ही ऱ्हावा इथंच. मग ड्रायरची वायर गुंडाळायला लागली. तिचा तिलाच राग आला असावा. आईचं तिकीट काढून झालंय, एवढंच म्हणाली.

तिला सांगितलं, रविवारी दुपारी सामान हलवतो. बॅग भरायलाही घेतली. भरता भरता दुर्बीण सापडली. समोरच्या गच्चीवर घार येते.

२७ सप्टेंबर, शनिवार

वाळले! खोबरेल तेल लावलं, मग मेणबत्तीचं मेण, मग फडकं. चामड्यात माझा चेहरा दिसतो. दादाही हातात घेऊन बघत होता, कौतुकाने. म्हणाला, शिलाई भारी आहे लेका. कामाच्या माणसाने असं म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं.

उद्या ट्रायल. घोडीला फक्त खंबीरपणा दाखवायचा. बाकी रक्त बघून घेईल.

रात्रभर पाऊस आहे असं दिसतंय. येऊ दे. तयारी आहे.

२८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी

हात ठीक आहे म्हणून लिहितोय.

तबेल्यावर वेळेत पोचलो. अंगणभर चिखल. चिखल म्हणजे निम्मं शेण. आणखी एक उमेदवार होती, अनुषा, कोरमंगलातली लॅपटॉपची नोकरी सोडून आलेली. पायात काळे गमबूट. तेच, चाचांच्या दुकानातले असणार. मी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मला तिच्याबद्दल वाईट वाटलं.

मॅडम म्हणाल्या, घोड्यावर आज कुणी बसायचं नाही. पहिले काही महिने खालीच काम. पाणी पाजायचं, शेण काढायचं. मिरचीला घेऊन त्या पाण्याच्या दोणीवर जा.

दोणी चिखलाच्या पलीकडे.

आता यात माझं काय चुकलं ते कुणीही सांगावं. नवीन बूट, चामड्याचे, काल दिवसभर चमकवलेले. आमच्याकडे ओढा लागला की पोरापासून पाटलापर्यंत सगळे काय करतात? चपला हातात घेतात. मी बूट काढले, तिन्ही मोजे काढले, मोजे बुटात घातले, बूट भिंतीवर ठेवले, पँट दुमडली, आणि मिरचीचा दोर धरून चिखलात उतरलो.

मागून मॅडम ओरडल्या, अय्यो, बूट! बूट रे! मी वळून सांगितलं, काळजी नको मॅडम, बूट सुरक्षित आहेत.

मिरची दोणीवर आली. पाण्यात बघितलं, आणि प्यायलीच नाही. मनात आलं, नावाचा प्रभाव! मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी दिसायचे, तेव्हा तेही प्यायचे नाहीत. हे मॅडमना सांगावं म्हणून जरा सरकलो, तेवढ्यात मिरचीही सरकली, आणि तिने माझ्या उजव्या पायावर पाय ठेवला.

ठेवला आणि विसरली. मग पाणी प्यायली. सावकाश, पोटभर.

अनुषा फताफता चिखलातून आली आणि तिने खांद्याने रेटून घोडीला हलवलं. मॅडमनी स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं. बूट मी मांडीवर घेतले होते. सिग्नलला त्या म्हणाल्या, बूट छान आहेत रे. आत पाय असता तर आणखी छान.

पावलाचं हाड दोन ठिकाणी. प्लास्टर गुडघ्यापर्यंत. बुटाएवढंच उंच.

२९ सप्टेंबर, सोमवार

मॅडमचा फोन. पाय कसा आहे, डबा पाठवू का, वगैरे. मग म्हणाल्या, जागा अनुषाला दिली रे. खोलीसुद्धा. मी म्हणालो, समजू शकतो, गमबूट प्रॅक्टिकल असतात. त्या म्हणाल्या, बूट सोड. रोज सकाळी यायची ती. मिरची तिच्या हाका ओळखते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण इतकं स्पष्ट नाही.

बाबांचाही फोन. दादाने कळवलेलं. बाबा म्हणाले, प्लास्टर निघालं की ये. गिरणीत बसायचंच आहे, पाय कशाला लागतोय?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पीण्यात सकाळपासून आयुधपूजा. दादाच्या शॉपमध्ये लेथला झेंडूच्या माळा, दारात कोहळे फोडलेले. घरी वहिनीने सुरी, शिलाई मशीन, दादाचं व्हर्नियर असं सगळं पाटावर मांडलं. न वापरलेले आहेत, स्वच्छ आहेत, म्हणून मी बूटही ठेवायचं सुचवलं. वहिनीने पाट जरा पलीकडे सरकवला.

दुपारी तिची आई आली. कृष्णाबाई. वहिनी खोलीच्या दारात बॅग धरून उभी राहिली. पलंगावर मी, पायाखाली दोन उशा. शब्द दिला होता म्हणून उठायला लागलो, तर कृष्णाबाईच म्हणाल्या, पड पड. मोडक्या माणसाला कुठं हलवतीस गं? माझी गादी खाली घाल.

शेवटी दादाने मलाच उचलून खाली घातलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी

कृष्णाबाईंचं ऑपरेशन काल झालं. त्या पलंगावर, डोळ्याला पट्टी. मी खाली, पायाला प्लास्टर. त्यांच्या डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडे आहे, कारण घरात रिकामा मीच. मोबाईलला अलार्म लावलाय. नर्सिंगच्या लाइनमध्ये, खरं तर, चांगला स्कोप आहे.

दादाने सकाळी विचारलं, ते बूट घालू का? शॉपमध्ये पावसाचं पाणी शिरलंय, घोट्यापर्यंत. त्याला एकाच मोज्यावर बसले. पोटरीलाही फिट्ट.

संध्याकाळी आला, दारात बूट काढले, मोजे काढून मला दाखवले. कोरडे ठणठणीत. दिवसभर पाण्यात होतो बघ, म्हणाला, एक थेंब आत नाही. मग भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, टाच तेवढी उंच आहे, पाठ धरली. कशाला असते रं ती टाच?

मी उठून बसलो. सांगायला लागलो की टाच असते ती पाय रिकिबीतून पुढे निसटू नये म्हणून. बघतो तर त्याला बसल्या जागीच झोप लागलेली.

कृष्णाबाई जाग्या होत्या. म्हणून उरलेलं त्यांना सांगितलं. रिकीब, तळवा, चेन, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

बरं, म्हणाल्या. आता थेंब घाल.