झुंबरबाईला ऐकू आलेलं हसू

कवठे येमाई,
८ जानेवारी २०२५

चि. अनुपमा हिस अनेक आशीर्वाद.

तू, सत्यजीतराव आणि पोरं खुशाल असाल. माझी तब्येत उत्तम आहे. हे आधीच सांगतो, कारण शेजारच्या झुंबरबाईनं तुला फोन करून भलतंच काही सांगितलंय. त्यावरून तू रविवारी जीप घेऊन मला दौंडला न्यायला येणार आहेस म्हणे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी काय झालं ते नीट वाच.

गावच्या वाचनालयाला वाळवी लागली म्हणून पुस्तकं बाहेर काढली होती. सहकाराचं कपाट तपासायला मला बोलावलं. दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणून माझा जन्म गेला, त्या कपाटातलं दुसऱ्या कुणाला काय कळणार! तिथं एक पुस्तक निघालं, ‘दूध उत्पादक संस्थेची आदर्श घटना’. इतक्या वर्षांत कुणी नेल्याची एक नोंद नाही. लेखकाचं नाव मीही कधी ऐकलेलं नव्हतं. घरी आणलं आणि तांबडी पेन्सिल घेऊन चुका काढायला बसलो. सुरुवातीची पानं खुणा करत गेलो. नियमांची भाषा बरी होती, फक्त माणूस जरा वाहवत जातोय असं वाटलं. मग एक नियम आला: ‘अध्यक्षांच्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागल्यास यंत्र बिघडले असे समजावे.’

अगं, ती कादंबरी होती!

अख्खी कादंबरी, पोटनियमांच्या वेशात. आपल्यासारखंच गाव, एक अध्यक्ष, त्यांची लाडावलेली म्हैस आणि तिच्यापायी फुटणारं संचालक मंडळ. ‘सभेस कोरम नसल्यास चहा मागवावा. चहा येताच कोरम आपोआप पूर्ण होतो.’ असल्याच सभांची इतिवृत्तं मी आयुष्यभर गंभीर तोंडानं लिहिली. कुणीतरी हे सगळं टिपून ठेवलं होतं आणि आम्ही शहाण्यांनी त्याला घटनांच्या गठ्ठ्यात कोंबलं. पोट धरून हसलो. किती महिन्यांनी हसलो असेन!

थोड्या वेळानं झुंबरबाई दारात.

“आबा, आवो रडताय का काय?”

“हसतोय बाई. पुस्तक वाचतोय.”

“एकटं कुणी आसं हसतंय व्हय? काय खरं न्हाई तुमचं. लेकीला फोन लावते म्या.”

लावला तिनं. तिच्यावर चिडू नकोस.

तुझ्या आईला विनोद उशिरा कळायचा, आठवतं? मी पेपरातलं काही वाचून दाखवलं की नुसतं ‘हं’ म्हणायची. मी पुढच्या पानावर गेलो की भाकरी थापता थापता एकदम फिसकन हसायची. मी वैतागायचो, “अगं, ते केव्हाच झालं.”

तो चहाचा नियम मी सवयीनं मोठ्यानं वाचला आणि थांबलो. तिचं हसून होऊ दे, मग पान उलटू म्हटलं. दिवाळीत ती गेली, मीच अग्नी दिला, हे मला माहीत आहे. तरी थांबलो. बराच वेळ थांबलो. स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही, अनू.

झुंबरबाई दारात आली तेव्हा मी रडतच होतो; तिनं तुला खरं तेच सांगितलं. खोटं मी बोललो, तिच्याशी आणि तुझ्याशीही. ‘मजेत आहे, माणसांची ये-जा असते’ असं प्रत्येक फोनवर सांगतो. कुणाची ये-जा नसते. झुंबरबाई सकाळी पातेल्यात दूध ओतून जाते, तेवढंच. पुढं दिवसभर मी कुणाशी बोलत नाही. इतकं झकास पुस्तक हाती लागलं आणि ‘हे ऐक गं’ म्हणायला घरात माणूस नाही, हे मला सोसत नाही.

वाचनालयाला सांगून पुस्तक ठेवून घेतलंय. अर्धं अजून राहिलंय. एकट्यानं पुढं वाचवत नाही.

रविवारी ये. दारात मी ‘इथंच बरा आहे’ म्हणेन, तुझ्यावर डाफरेनसुद्धा. तू ऐकू नकोस.

तुझ्याकडे यायला निघालेला,
आबा