तारवाली

सिहोरा, मंगळवार

पुण्यात नोकरीला असलेला माझा पोरगा रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर माझ्यासोबत लढाईचा गेम खेळतो. तेवढंच आमचं बोलणं. आज गेममध्ये माझीच गाडी आली, फौजेत मी जिच्यावर होतो ती मिसाइलची चिलखती गाडी. रंग बरोबर, चाकं बरोबर, अन् साली धावता धावता मिसाइल सोडते!

मी म्हटलं, "हे सपशेल खोटं हाये. गाडी थांबवा लागते. मिसाइलच्या मागं गाडीपर्यंत तार असते, तिच्यातूनच मिसाइल निशाण्याकडं वळवा लागते. आम्ही त्या मिसाइलले तारवालीच म्हणत होतो. ती लागेपर्यंत निशाण्यावरून नजर काढता येत नाही."

"बाबा, गेम हाये हा. सोडा अन् पळा. कायले थांबून राहिले?"

मी तारेचं पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. तो "बरं" म्हणाला अन् गेला.

काहून बोललो मी? पळत सोडली असती तर काय बिघडलं असतं? पण तार असतेच ना.

भात निवून गेला. पडद्यावर त्याच्या नावासमोरचा हिरवा ठिपका विझला आहे. माझी गाडी मैदानात तिथंच उभी आहे. मी अजून नजर काढली नाही.