सरळ ओढीची रायफल

प्रिय चिंगे,

चार वर्षांनी वहिनीचं अक्षर पाहून भुवया वर गेल्या असतील, तर जाऊ देत. मी मजेत आहे. चष्म्याच्या दुकानात अजून भिंगं घासते आणि रविवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर जाते. हो, अजूनही जाते.

जिन्यावरून पडून माझं मनगट मोडलं, जुळलं, पण वळेना. कुलपात किल्ली फिरवायलाही तुझ्या भावाला हाक मारावी लागे. तेव्हा तूच म्हणालीस, "वहिनी, मनगट फिरवावं लागू नये अशीही रायफल असते." साध्या रायफलीत दर गोळीला बोल्टचा दांडा वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, परत खाली पाडा. हिचा नुसता सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा, दोन बोटांचं काम. परवान्यासाठी मी सात महिने खेटे घातले आणि क्लबातल्या गुरांच्या डॉक्टरांची तसलीच जुनी पॉइंट टू टू रायफल विकत घेतली. दस्त्यावरचा गाल न हलवता पाच गोळ्या! पाचही पहिल्यांदा काळ्या वर्तुळात गेल्या, तेव्हा तू अशी शिट्टी मारलीस की शेजारच्याचा नेम चुकला.

आता माझा हात चांगला बसलाय. खांद्याला धक्का म्हणावा असा बसतच नाही, काडतुसाची रिकामी पुंगळी टुणकन बाहेर पडते, आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसतं. घरी आल्यावर तास दीड तास नळी पुसत बसते. तुझा भाऊ म्हणतो, "माझं डोकं इतक्या प्रेमानं कधी चेपलं नाहीस." मग आम्ही हसतो. तुझा विषय मात्र निघत नाही.

मागच्या रविवारी क्लबने मला नवख्यांवर लक्ष ठेवायला उभं केलं. एक शिक्षिका होती, हौशी, गोड. नेम लागल्याच्या आनंदात रायफल हातात घेऊनच माझ्याकडे वळली. बोल्ट बंद, आत काडतूस. मी अशी ओरडले की सगळी रेंज थिजली. बिचारी रडत निघून गेली. घरी आल्यावर मी नळी पुसायलाही घेतली नाही.

चिंगे, चार वर्षांपूर्वी त्या दिवशी मीही तशीच वळले होते. तुझा भाऊ चहाचा थर्मास घेऊन मागून आला, त्याने हाक मारली, आणि मी भरलेली रायफल घेऊन त्याच्याकडे फिरले. तू नळी वर ढकललीस आणि चारचौघांत ओरडलीस, "अक्कल गहाण टाकलीस का?" रायफल भरलेली होती हे त्याला कळलंच नाही, फक्त तुझं ओरडणं ऐकू आलं. धाकट्या नणंदेनं माझा पाणउतारा केला, म्हणून मी घरी रडले. तो तुला नको ते बोलला, मग तुझ्याशी बोलायचाच थांबला, तरी मी तोंड उघडलं नाही. आणि तूही त्याला खरं सांगितलं नाहीस. माझी लाज राखलीस.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हणजे तिनं मला वाचवलं, आणि वर बोलणीही माझीच खाल्ली." मी माफी मागते, पण माझ्याशी कधी बोलायचं ते तू ठरव, घाई नाही. त्याला मात्र थांबवू नकोस. पोस्टावर भरवसा नाही म्हणून हे पाकीट तो स्वतःच घेऊन आलाय. तुझं वाचून होईपर्यंत बाहेरच उभा राहणार म्हणत होता. त्याला आत घे.

तुझीच,
वहिनी