दुसऱ्या मजल्यावरचे पाहुणे

रविवार, ता. ६

चि. पानास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू ठीक आहेस असं धरून चाललोय. आमची बोट महिनाभर तरी आपल्याकडच्या बंदराला लागत नाही, तेव्हा यंदा सणाला मावशीकडे तू जायचंस. दरवर्षी सणाची ड्यूटी तू मागून घेतेस हे मला ठाऊक आहे. कारण विचारत नाही.

मावशीचं पत्र आलं. तिच्या वृद्धाश्रमात तिच्यासकट चाकाच्या खुर्चीतली सगळी दुसऱ्या मजल्यावर असतात. सणाचं जेवण खालच्या हॉलमध्ये होतं आणि यांची ताटं वर खोल्यांत जातात. यांच्यातल्या बहुतेकांना भेटायलाही कुणी येत नाही. यंदा मावशीनं व्यवस्थापक बाईंचं डोकं खाऊन सगळ्यांना खाली न्यायची परवानगी मिळवलीय. तसा शब्दच दिलाय तिनं मजल्याला. तिच्या शेजारच्या खोलीतले पोस्टमास्तर त्यासाठी दाढी करायला तयार झालेत म्हणे. आई गेल्यावर आपण तिच्याच हाताखाली वाढलो. तिच्या शब्दाचं वजन तुला मी सांगायला नको.

तू लिफ्ट इंजिनिअर असशील, पण मागच्या खेपेला तिच्याशी कमी आणि लिफ्टशी जास्त बोललीस, अशी तक्रार आहे. या खेपेला माणसांकडे बघ.

वेळेवर जेव, आणि भांडण्यापुरता तरी लोभ शिल्लक ठेव.

तुझा,
दादा

सोमवार, ता. २१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी गेले होते. आधी वाईट बातमी सांगते: मावशी माझ्याशी बोलत नाही.

माणसं उतरवायच्या आधी मी दोन मदतनीसांना घेऊन लिफ्ट खाली-वर करून पाहिली. दोन्ही वेळा ती मजल्याच्या अंगठाभर खाली घसरून थांबली. ब्रेक झिजला की भरलेली लिफ्ट जागेवर टिकत नाही. आज अंगठाभर, उद्या किती ते सांगता येत नाही. देखभाल आमच्याच कंपनीकडे आहे आणि नवा भाग सण झाल्याशिवाय मिळणार नव्हता. मी मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

तोवर सगळे वरच्या दारापाशी रांगेत येऊन थांबले होते. पोस्टमास्तरांची दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. मावशीनं नवी साडी नेसली होती. आजच्या दिवस हळूहळू चालव, असं तिनं सांगून पाहिलं. मी नाही म्हटलं. एकेकाला तरी ने, म्हणाली. त्यालाही नाही म्हटलं. मग ती रांगेकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी भाची नव्हे. ही कंपनीची बाई आहे."

जे तपासलं होतं ते बदलणार नव्हतं.

खाली येऊन व्यवस्थापक बाईंना सांगितलं की वरचे उतरू शकत नाहीत, पण खालचे बरेचसे चढू शकतात. त्या म्हणाल्या, कुणाचा गुडघा गेला तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, माझी. तरी त्या ऐकेनात. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एक आजी काठी घेऊन उठल्या. इतकी वर्षं इथे राहते, पण वर काय आहे ते पाहिलंच नाही, म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी खुर्ची ठेवली. चढणाऱ्याच्या एक पायरी खाली मी किंवा मदतनीस. स्वयंपाकी पातेली घेऊन मागून. ज्यांना चढणं जमणार नव्हतं त्यांच्यापाशी व्यवस्थापक बाई स्वतः जेवायला बसल्या. वरच्या व्हरांड्यात टेबलं जोडली. कढत काही राहिलं नव्हतं, पण कुणी तक्रार केली नाही.

मी पोस्टमास्तरांच्या शेजारी बसले. ते मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारत होते. मी दुरुस्ती केली नाही.

निघताना मावशीच्या पाया पडले. तिनं हात डोक्यावर ठेवला, पण बोलली नाही. तू तिला लिहिशील का? मला जमत नाही.

तब्येत सांभाळ. लोभ आहे, हे गृहीत धरावं.

पाना

शनिवार, ता. २६

चि. पाना हिस,
अ. आ.

दादाचा फोन आला. त्याला मध्ये घालायचं कारण नव्हतं. आपलं भांडण आपण मिटवू.

मी रागावले ते तुझ्यावर की माझा शब्द गेला म्हणून, ते मला अजून नीट कळलेलं नाही. बोलले ते मात्र वाईट बोलले. पोस्टमास्तरांनीच मला नंतर झापलं. मुलगी जेवताना घास घशाखाली ढकलत होती, म्हणाले. तुला ते नाव चुकून हाक मारतात, पण नजर शाबूत आहे.

आता इथलं ऐक. आम्हाला आजवर कुणीतरी आणतं, नेतं, भरवतं. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे आले. पोस्टमास्तर खुर्ची दारात लावून एकेकाला या, बसा करत होते. पाणी विचारत होते. बँकवाल्या आजींना तर त्यांनी स्वतःची खिडकी दाखवली, जशी काही त्यांनीच बांधलीय. व्यवस्थापक बाई काल विचारायला आल्या, पुढच्या वेळी तुम्हाला खाली नेऊ का? आमच्या मजल्यानं सांगितलं, नको. त्यांनाच वर पाठवा, आम्हाला तयारीला वेळ द्या.

गुरुवारी तुमच्या कंपनीचा माणूस येऊन लिफ्ट दुरुस्त करून गेला. चहा पिताना माझ्या शेजारीच बसला होता. ब्रेक खरंच झिजला होता का, हे मी त्याला विचारलं नाही. तू सांगितलं होतंस.

पुढल्या सणाची ड्यूटी मागू नकोस. माया आहे तशीच आहे, दादाशी वाटून खा.

तुझी,
मावशी