हेल्मेट ऐच्छिक

रविवार, १४ जानेवारी २०१८

ऐच्छिक! फॉर्मवर चक्क छापलंय – 'हेल्मेट ऐच्छिक'. ईराच्या शाळेची सहल, जॉर्जियात, गुदौरीला. दहावीची बावीस मुलं पायाला फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून खाली सुटणार, आणि डोकं ऐच्छिक! जेवण व्हेज की नॉनव्हेज, तो रकाना मात्र सक्तीचा.

ईराला स्नोबोर्ड शिकायचाय. "बाबा, नोबडी वेअर्स वन." जयमाला म्हणाली, "अहो, साइटवरची सेफ्टी साइटवरच ठेवून येत जा." कशी ठेवू? अठरा वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून दुसऱ्यांची डोकी राखूनच पोट भरतोय. शाळेला मेल टाकली. लांबलचक.

बुधवार, १७ जानेवारी

पालकसभा. सहल नेणारे सर हसून म्हणाले, वीस वर्षं मी लोकरीच्या टोपीत स्की करतोय. मी म्हटलं, "वीस वर्षं नशीब जागं होतं तुमचं."

ईराच्या वर्गातल्या अर्णवचे वडील, अभिजित, बँकेतले. ते आकडे घेऊनच आलेले. हेल्मेट घातलं की माणूस धीट होतो, जास्त वेगात जातो. आणि त्या वेगात झाडावर आदळला तर हेल्मेट काय करणार? मुद्दा अगदीच खोटा नाही. पण बर्फ कडक असतो, मागून दुसरा येऊन धडकतो, शिकाऊ पोरगी पाठीवर पडते तेव्हा आधी डोकं आपटतं – त्याचं काय? "मग गाडीचे ब्रेकही काढून टाका, लोक हळू चालवतील!" असं ओरडलोच मी. सगळे हसले. माझ्या विनोदाला नाही, मला.

ईरा बाहेर उभी होती. सगळं ऐकलं तिनं. घर आल्यावर एवढंच – "यू मेड मी अ जोक."

गुरुवार, १८ जानेवारी

स्टोअरकीपर फजलनं आज एक हेल्मेट आणून दाखवलं. दोन्ही हातांनी दाबलं. पापड मोडावा तसा आवाज! चार उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक. रंग उडालेला. "साब, सब ऐसे ही हैं." नवा माल अजून ओमानमध्ये. जूनपासून शेजारी अरब देशांनी सीमा बंद केलीय, सगळंच फिरून येतंय.

प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, काम थांबवू या. तो मान वर न करता म्हणाला, "स्टेडियमचं छप्पर थांबवायचं, हेल्मेटसाठी? दोन आठवडे चालव. यल्ला, निघ." तपासणीचा कागद पुढे सरकवला. 'वापरण्यास योग्य'.

केली सही.

तीच हेल्मेटं परत वाटली. देवीदास रांगेत होता – परभणीकडचा, स्कॅफोल्डिंगवर मदतनीस, बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत राहतो. मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्याच टेबलाशी येतो. "सायेब, चांगलं बघून द्या." त्यातल्या त्यात रंग असलेलं दिलं.

रविवार, २१ जानेवारी

शाळेची मेल – सर्व मुलांना हेल्मेट सक्तीचं. जिंकलो! आनंद झाला. खरंच झाला, खोटं का लिहू.

ईरा "हॅपी?" म्हणाली आणि दार आपटलं.

शुक्रवार, २६ जानेवारी

तिला विमानतळावर सोडलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मंगळवार, ३० जानेवारी

सकाळी सव्वादहा. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून लोखंडी क्लॅम्प सुटला. खाली देवीदास. हेल्मेटचे सरळ दोन तुकडे. नवं असतं तर दोन दिवस डोकं दुखलं असतं, बस.

फजलनं तुकडे पिशवीत भरले. मॅनेजरनं पिशवी मागून घेतली.

ईराचा व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरंशुभ्र, पोरांची हसाहस. मी कट केला.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

ईरा आली. आठवडाभर भुसभुशीत बर्फ, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हेल्मेटवर ओरखडा नाही. "इट वॉज ओके, बाबा. कान गरम राहतात." मराठीत! आणि गळ्यात पडली.

मला तिच्या पाठीवर हात ठेवता येईना.

शनिवार, ३ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेलो. देवीदास शुद्धीवर आहे. उजवा हात उचलता येत नाही. हिंदी पार विसरलाय, नुसतं मराठीच बोलतो. नर्सला 'पाणी' म्हणतो, तिला कळत नाही.

मॅनेजर कॉरिडॉरमध्ये भेटला. "त्यानं हेल्मेट काढून ठेवलं होतं, असं निघालं तर सगळे सुटतात. तूसुद्धा." मी विचारलं, आणि ते तुकडे? "कसले तुकडे?"

तोंडावर सांगितलं त्याला – मी खरं तेच सांगणार. घरी जयमालालाही सांगितलं. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, ईराचं वर्ष मध्येच तुटेल. तिनं ओट्याकडे वळून गॅस बंद केला. मग म्हणाली, "सांगा. खरं तेच सांगा." चौदा वर्षांत या घरात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

रविवार, ४ फेब्रुवारी

कामगार खात्याचे दोघे चौकशीला वॉर्डात आले. दोघांनाही मराठी येत नाही. मॅनेजर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा भाषांतर करेल.

विचारलं – हेल्मेट डोक्यावर होतं का?

देवीदास म्हणाला, "व्हतं की सायेब. पट्टाबी लावला व्हता."

मी इंग्रजीत सांगितलं – नाही म्हणतोय. काढून ठेवलं होतं म्हणतोय.

देवीदास माझ्याकडे बघून हळूहळू मान हलवत होता. बरोबर, बरोबर, अशी.