एकच भाव, रजई चार रुपये

दसरा, आश्विन शुद्ध १०, शके १७८५
कॅम्पातले साहेब लोक रोजचं लिहून ठेवतात असं ऐकलं. आजपासून आपणही. वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन अकोल्यात आलेल्या माणसाची आज तीस एकर काळी जमीन आहे. लिहिण्याजोगं पुष्कळ आहे.

ठरलं. यंदाची रुई बाजारात विकायची नाही. अमेरिकेत लढाई चालू, इंग्रजाला कापूस मिळत नाही, म्हणून सगळं वऱ्हाड व्यापाऱ्यांपुढे गाड्या लावून उभं. त्याला डोकं लागत नाही. आपण घरीच रजया शिवून विकणार. एका रजईत पाच शेर रुई, आजच्या भावानं अडीच रुपयांची. कापड, दोरा, पिंजारी आठ आणे. किंमत चार रुपये. टाके बायको मैना आणि पार्बतावहिनी घालतील. घरच्या बायांना मजुरी कसली?

मैना म्हणे, "रुई इका अन् पह्यले विहीर बांधा. माही मान गेली घागरी वाहून." मिरचीला नाल्यावरून पाणी तीच आणते. पक्क्या विहिरीला सहाशे लागतात. म्हटलं, रजयांतून बांधतो, दगडी पायऱ्यांची. ती घागर उचलून नाल्याकडे गेली. पटलं असावं.

आश्विन वद्य ६
दारावर पाटी लावली. 'एकच भाव, रजई चार रुपये.' कॅम्पातल्या पारशाच्या दुकानात असंच असतं, मड्डमसुद्धा मुकाट्यानं पैसे मोजते. आमच्या भाजीबाजारात सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, दिवे लागता फुकट. त्या चिखलातून मोठ्या मुश्किलीनं वर आलो. देवापुढे बोललो, संक्रांतीपर्यंत भाव हलणार नाही.

कार्तिक शुद्ध २
विक्री नाही. दारापर्यंत येतात, पाटी वाचून घेतात, हसतात. एकजण म्हणे, "चार रुपयाले? आमच्या घरी गोधड्या हायेत ना बाप्पा!" जुन्या लुगड्यांखाली झोपणारे लोक. यांना रजई काय कळणार. थंडी पडू द्या.

कार्तिक वद्य ४
मुंबईची तार आली. रुईचा भाव भडकला. मैना म्हणे, "पाच शेरात आता चाराची रुई हाय. पाटी पुसा." पुसणार नाही. वाऱ्याप्रमाणे भाव फिरवतो तो भाजीवाला. मी दुकानदार. हे समजावलं तर पार्बतावहिनी तोंडात पदर घालून हसल्या. अडाणी.

मार्गशीर्ष शुद्ध १
वा! बार्शीटाकळीचा शेषराव नावाचा तरुण आला, एकदम चाळीस रजया घेतल्या. रोख. रंग पाहिला नाही, कापड चाचपलं नाही, एकेक उचलून फक्त वजन पाहिलं. जाणकार असा असतो. म्हणे, "मामाजी, तुमच्यासारखा शब्दाचा मानूस आख्ख्या वऱ्हाडात नाही. आता शेरभर रुई जादा भरान काय?" भरीन म्हटलं, त्याच चार रुपयांत. चांगल्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? इतक्या रजया कशाला, विचारलं. "आमच्याकडं थंडी लय जी." बार्शीटाकळी इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथली थंडी वेगळी, हे माहीत नव्हतं. उतारावर असेल.

मार्गशीर्ष वद्य ३
शेषरावानं आणखी ऐंशी नेल्या. घरची रुई संपली, बाजारात भाव आणखी चढला. अमरावतीत दुसरं दुकान काढावं म्हणतो. मैनेची बोटं सुजली आहेत, तोंड त्याहून. "सात रुपयाची रुई तुमी चाराले देऊन राह्यले. काऊन जी?" तिला रुई दिसते, मला रजई दिसते. एवढाच फरक, पण त्यानंच माणूस वर येतो.

मार्गशीर्ष वद्य १२
बाजारामागे एका पडवीत बायांचा कलकलाट ऐकला. माझे कान तीक्ष्ण. उभा राहिलो. एक म्हणे, "कोन्या बयेनं एवढे बारीक टाके घातले वं? उसवता उसवता नखं गेली." दुसरी म्हणे, "टाके घालनारी शायनी हाय, इकनारा येडा."

आत डोकावलो. माझ्या रजया. पोटं फाडलेल्या. एका बाजूला खोळींचा ढीग, दुसऱ्या बाजूला रुईची बोचकी, आणि तागडीजवळ शेषराव. मला पाहून उठला, पाया पडला. संस्कार चांगले.

टाका मजबूत आहे, हे त्यांनीही कबूल केलं.

पौष शुद्ध ३, संक्रांत
मैनेला सांगावं लागलं. कापड-पिंजारी जाऊन हाती चारशे वीस. विहिरीला एकशे ऐंशी कमी. तिनं पैसे मोजून आपल्या पेटीत ठेवले. ओरडली असती तर बरं होतं. मुदत आज संपली, पाटी काढली. विकायला काही नाही, भाव आता कितीही ठेवता येईल.

पौष शुद्ध ७
मैना आणि पार्बतावहिनी शेषरावाकडे उसवायला जातात. रजईमागे दोन आणे. दुसऱ्या बाया दिवसाला दोन उसवतात, मैना आठ. गाठ कुठं मारली ते तिला ठाऊक. एक दोरा ओढते, सगळी शिवण सुटते. म्हणे, "विहीर आता मी बांधतो. तुमी मधात नका पडू."

आज तिला भाकरी द्यायला गेलो. शेषराव म्हणे, "मामाजी, उभे काऊन? बसा, एक घ्या. पन जमन काय तुमाले?"

बसलो. सांजेपर्यंत अर्धी उसवली. मग मैनेनं ती माझ्या हातातून ओढून घेतली.